पैशाला पासरी ब्लॅकबेरी

वाचकांच्या प्रश्नांच्या या पानावर एरवी आपण चार वेगवेगळ्या विषयांची पत्रं घेतो. यावेळी पुण्याच्या एका वाचनकट्ट्याचं पत्र आलं आणि त्याच्या आगेमागे त्याच विषयाच्या आसपासची अजून काही पत्रं आली, म्हणून सगळं पान ब्लॅकबेरीलाच देतेय. काळ राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१, आणि मुलूख इंग्लंडचा. हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तरं लांबली आहेत.

ताई नमस्कार, आमचा आठ जणींचा वाचनकट्टा आहे, सध्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतोय. त्यात सारखं येतं की अमुक गोष्ट "ब्लॅकबेरीइतकी मुबलक" आहे. एकीने त्याचं "जांभळांचा सडा" केलं, दुसरी म्हणते तुती, वाद काही मिटत नाही. फळ नेमकं कोणतं आणि मराठीत म्हणायचं काय? – वाचनकट्टा, पुणे

आधी फळाचं बघू. जांभूळ नाही आणि तुतीही नाही. घोळ का होतो तेही सांगते, इंग्रजीत जांभळाला "इंडियन ब्लॅकबेरी" म्हणायची पद्धत आहे आणि तुती दिसायला अगदी ब्लॅकबेरीची सख्खी बहीण वाटते. पण जांभूळ आणि तुती ही झाडं झाली, ब्लॅकबेरी म्हणजे कमानीसारख्या वाकलेल्या लांब काटेरी फांद्यांचं झुडूप, गुलाबाच्या कुळातलं. आपल्या ओळखीतली तिची जवळची नातलग म्हणजे महाबळेश्वरची रासबेरी. दोघींमधला फरक ओळखायला एक सोपी खूण आहे, रासबेरी तोडली की मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि फळ टोपीसारखं पोकळ हातात येतं, ब्लॅकबेरीचा तो दांडा फळाबरोबरच येतो, त्यामुळे ती आतून भरीव.

पण स्वभावाने बघितलं तर ती तिकडची करवंदच. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, काटे ओरबाडतात, आणि पोरं तोंड नि सदरा जांभळा करून घरी येतात.

आता म्हणीकडे येते. ही म्हण व्हिक्टोरियन लोकांनी काढलेली नाही, त्यांना ती वारशात मिळाली. शेक्सपिअरच्या "हेन्री द फोर्थ" नाटकाच्या पहिल्या भागात, म्हणजे १५९७ च्या सुमाराला, फॉल्स्टाफ नावाचा एक जाडजूड थापाड्या सरदार आहे, तो सांगत सुटतो की मी दोघांशी लढलो, मग ते दोघांचे चार होतात, चाराचे सात, आणि शेवटी अकरा. वर म्हणतो मागून आणखी तिघे आले, त्यांचे कपडे हिरवे होते. राजपुत्र त्याला धरतो, म्हणतो अरे अंधारात स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणालास ना, मग हिरवा रंग दिसला कसा, कारण सांग. तेव्हा हा पठ्ठ्या म्हणतो की कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी जबरदस्तीने मागितलंत तर एकही देणार नाही. त्या काळी "रीझन" म्हणजे कारण आणि "रेझिन" म्हणजे मनुका हे दोन शब्द कानाला जवळपास सारखेच लागायचे, म्हणून मनुकांवरून ब्लॅकबेरीवर ही उडी आहे. मराठीत आणताना ही कोटी हातातून निसटते, त्याला इलाज नाही.

पुढे अडीचशे-तीनशे वर्षांनी ही म्हण इतकी रुळली की लिहिणाऱ्याच्या मनात शेक्सपिअर असायचाच असं नाही. उमेदवार, कवी, अफवा, काहीही ब्लॅकबेरीइतकं मुबलक. आणि त्यात नुसतं "पुष्कळ" नसतं, "पुष्कळ म्हणून किंमत नाही" असा तुच्छतेचा सूर असतो. म्हणून माझं मत सांगायचं तर सडाबिडा काही नको, आपल्याकडे तयार शब्द आहे, पैशाला पासरी. पासरी म्हणजे पाच शेर, एका पैशाला पाच शेर मिळणाऱ्या वस्तूला कोण विचारतं, तोच भाव.

मला या म्हणीबद्दल एक गोष्ट मात्र नेहमी खटकते. ही म्हण लिहिणारा माणूस आणि ब्लॅकबेरी तोडणारा माणूस बहुतेक वेळा वेगळा होता. टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला ती फुकट दिसायची. जिच्या पोरांच्या हिवाळ्यातल्या बुटांचे पैसे त्या टोपलीतून यायचे तिला ती फुकट कधीच नव्हती, तिला त्यात तीन आठवडे, ओरबाडलेले हात आणि पोरांची बुडालेली शाळा दिसायची. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या १८५६ च्या "ऑरोरा ली" या दीर्घकाव्यात एक प्रसिद्ध जागा आहे, तिचा आशय असा की प्रत्येक साध्या झुडपात देवाचा अग्नी पेटलेला असतो, ज्याला तो दिसतो तो पायातलं काढून ठेवतो, बाकीचे भोवती बसून ब्लॅकबेरी खुडत राहतात. ओळी फार सुंदर आहेत, मी त्या कितीतरी वेळा वाचल्यात, आणि दरवेळी मला त्या खुडत बसलेल्यांचीच बाजू घ्यावीशी वाटते कारण त्यांना दिवस मावळायच्या आत टोपली भरायची होती.

कट्ट्यासाठी अजून दोन-चार शब्द देते, वाचताना उपयोगी पडतील. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात ब्लॅकबेरी म्हणण्यापेक्षा "ब्रॅम्बल" जास्त म्हणतात, दक्षिणेत ब्रॅम्बल म्हणजे झुडूप आणि ब्लॅकबेरी म्हणजे फळ. यॉर्कशर-डरहॅमकडे "बम्बलकाइट" असा एक गोड शब्द होता, तिकडच्या बोलीत काइट म्हणजे पोट आणि बम्बल म्हणजे गुरगुरणं, जास्त खाल्लं की पोटात काय होतं ते नावातच. काही भागात "स्काल्डबेरी" म्हणायचे कारण समजूत अशी की फार खाल्ल्या तर पोरांच्या डोक्यात खवडे होतात. "ब्लॅकबेरी स्वॅगर" दिसला तर गोंधळू नका, त्याचा फळाशी संबंध नाही, फिती, बुटाच्या नाड्या असलं किडूकमिडूक घेऊन दारोदार विकणाऱ्या फेरीवाल्याला रस्त्यावरच्या भाषेत तसं म्हणायचे, जॉन कॅम्डन हॉटन यांच्या १८५९ च्या स्लँग शब्दकोशात नोंद आहे. आणि "ब्लॅकबेरी ग्रीन असते तेव्हा रेड असते" असं कुणी म्हटलं तर ते कोडं आहे, ग्रीन म्हणजे तिथे कच्ची.

मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. आमच्या शाळेत कापूस वेचणीच्या दिवसांत पट निम्मा व्हायचा. वाचलं की इंग्लंडातल्या शाळा ब्लॅकबेरीमुळे ओस पडायच्या. एवढ्या प्रगत देशात खरंच असं होतं का? – एक शिक्षक

गुरुजी, अगदी खरं आहे, आणि याचा पुरावा तुमच्यासारख्याच शिक्षकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलाय.

१८६२ साली तिकडे शाळांच्या अनुदानाचे नवे नियम आले, त्यात मुख्याध्यापकाने रोजनिशीसारखं "लॉग बुक" ठेवायचं असं ठरलं. कातडी बांधणीच्या जाड वह्या, आज इंग्लंडमधल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यात त्या बघायला मिळतात. गावाकडच्या शाळेचं लॉग बुक उघडा आणि सप्टेंबरचं पान काढा, हजेरी कमी, पोरं ब्लॅकबेरीला गेलीत, या अर्थाची नोंद तुम्हाला कुठे ना कुठे दिसणारच, पुढच्या वर्षी परत तीच, त्याच्या पुढच्या वर्षी परत. जूनमध्ये गवत कापणी, ऑगस्टमध्ये गहू, सप्टेंबरमध्ये केंटकडे हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची तोडणी, मग ब्लॅकबेरी, ऑक्टोबरला बटाटे, त्यानंतर डुकरांना घालायला ओकची फळं गोळा करणं, असं पोरांचं कॅलेंडरच ठरलेलं होतं. कापूस नव्हता एवढंच.

मास्तर चिडायचे त्यालाही कारण होतं. शाळेचं अनुदान हजेरीवर आणि इन्स्पेक्टरच्या परीक्षेत किती पोरं पास होतात यावर ठरायचं, म्हणजे रिकामा बाक म्हणजे शाळेच्या पैशातली थेट कपात. पण आईबापांच्या बाजूने बघा. १८८० साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, तरी बहुतेक ठिकाणी आठवड्याची फी होती, एक-दोन पेनी का होईना भरावी लागायची, ती जवळपास सगळीकडे सुटली ती १८९१ नंतर. शेतमजुराच्या घरात चार पोरं असतील तर फी, बूट, भाडं हे सगळं नुसत्या पगारात बसत नव्हतं. ब्लॅकबेरी विकून जे येईल ते त्या घरात हक्काचं रोख असायचं. दंडाची तरतूद होती पण खेड्यातले मॅजिस्ट्रेट बहुतेक जमीनदारच, त्यांनाही सुगीत स्वस्त हात लागायचे, त्यामुळे कायदा ढिला पडायचा.

आणि यात भाषेची एक गंमत आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते. ग्लॉस्टरशरकडे "मूच" म्हणजे शाळा बुडवून भटकणं आणि तिकडे ब्लॅकबेरीलाही मूचच म्हणायचे, शाळा चुकवून ब्लॅकबेरीला जाणारं पोरगं म्हणजे "ब्लॅकबेरी मूचर". ही जोडी किती जुनी आहे बघा, वर सांगितलेल्या त्याच नाटकात, त्याच प्रवेशात, तोच फॉल्स्टाफ राजाची नक्कल करताना राजपुत्राला विचारतो की आकाशातला सूर्य काय शाळा चुकवून ब्लॅकबेरी खात फिरणार आहे का. त्याने शब्द वापरलाय "मिचर", म्हणजे दांडीबहाद्दर. म्हणजे एलिझाबेथ राणीच्या काळापासून व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंत शाळा चुकवणं म्हटलं की इंग्रज माणसाच्या डोळ्यापुढे जांभळ्या तोंडाचं पोरगं उभं राहायचं.

एक पुढची गोष्ट, काळ व्हिक्टोरियन नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१८ च्या शरदात, पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला, सैनिकांच्या जॅमसाठी फळ कमी पडलं तेव्हा सरकारने स्वतः शाळांना कळवलं की पोरांना शाळेच्या वेळात ब्लॅकबेरी तोडायला पाठवा. ज्यासाठी बापाने मास्तरांचा मार खाल्ला त्याच कामाला लेकरं आता मास्तरांच्या मागे रांगेत निघाली.

हाय ताई, मी लेस्टरला राहते. आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या की ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबेरी तोडू नको, सैतान थुंकलेला असतो. त्या एकदम सिरियसली बोलत होत्या. हे काय प्रकरण आहे? – लेस्टरहून एक वाचक

आजींना माझा नमस्कार सांग, त्यांनी तुला निदान दीड-दोनशे वर्षं जुनी गोष्ट दिलीये.

कथा अशी. लुसिफर, म्हणजे सैतान, देवाविरुद्ध उठला, देवदूत मायकेलने त्याला स्वर्गातून खाली ढकलला, तो धाडकन पडला तो नेमका ब्रॅम्बलच्या काटेरी झुडपात. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तो येतो आणि राग म्हणून त्या झुडपावर थुंकतो. कुठे सांगतात पाय देतो, कुठे सांगतात शेपटी फिरवतो. दिवस मायकेलचा, म्हणजे मायकलमस, २९ सप्टेंबर. आयर्लंडमध्ये सैतानाऐवजी पूका नावाचं भूत येतं आणि तिथे मुदत ऑक्टोबर अखेरपर्यंत. आपल्या भाषेत एका शब्दात सांगायचं तर त्या दिवसानंतर सगळ्या बेरी उष्ट्या. इंग्रजीत "उष्टं"ला धड शब्दच नाही, त्यांना त्यासाठी अख्खी गोष्ट रचावी लागली.

काही घरांत हा दिवस १० ऑक्टोबर धरतात. १७५२ साली ब्रिटनने कॅलेंडर बदललं तेव्हा अकरा दिवस गाळले, खेड्यातल्या लोकांनी म्हटलं सरकारने तारीख बदलली म्हणून सैतान थोडाच बदलणार, आणि जुन्या हिशोबाने "जुना मायकलमस" पाळत राहिले. तुझ्या आजींची मुदत कुठली आहे ते विचारून बघ, त्यावरून त्यांचं माहेर कळेल कदाचित.

मायकलमस हा नुसता सणही नव्हता. वर्षात चार दिवस ठरलेले होते ज्या दिवशी भाडं द्यायचं, हिशोब मिटवायचे, त्यातला हा एक. गडी-मोलकरणी कामाला ठेवायचे बाजार बऱ्याच ठिकाणी याच सुमाराला भरायचे. म्हणजे ब्लॅकबेरीचा हंगाम संपायचा त्याच दिवसांत घरमालक दारात. बेरीच्या पैशांची घाई का असायची ते यावरून कळतं.

आणि आजी चुकीचं सांगत नाहीयेत. सप्टेंबरच्या शेवटी ऊन उतरतं, फळात गोडी भरत नाही, पावसाने ती पाणचट होते, करड्या बुरशीची लव धरते आणि माश्या बसून चाटून जातात. बर्मिंगहॅमजवळ राहत असताना मी कालव्याच्या कडेने दरवर्षी ब्लॅकबेरी तोडायला जायचे. ऑगस्टच्या शेवटी घोसाच्या टोकाची एकच बेरी आधी पिकते, ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात गोड, बोट लावलं की गळून हातात येते, ओढावी लागली तर समजायचं अजून वेळ आहे. काटे मागच्या बाजूला वळलेले असतात म्हणून हात आत जाताना काही होत नाही, बाहेर काढताना धरतात. तेच झुडूप मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बघितलं, बेरी काळ्याच होत्या पण चमक गेलेली, एक उचलली तर बोटांत नुसता लगदा आला आणि वास आंबूस. थुंकल्यासारखंच दिसतं ते.

ताई, आम्ही रत्नागिरीकडे आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी असं घरगुती करून विकतो. तिकडच्या बायका या फळाचं काय करायच्या? विकायच्या कशा? – एक बचत गट

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न विचारायला हात त्या कामातलेच लागतात.

मुख्य म्हणजे जेली. ब्लॅकबेरीत बारीक टणक बिया फार, दातात अडकतात, म्हणून बऱ्याच घरांत जॅमपेक्षा जेली करायचे, "ब्रॅम्बल जेली". फळं थोड्या पाण्यात मऊ शिजवायची, फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायची, खाली भांडं. आपण चक्क्याला दही टांगतो अगदी तसं. पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. सकाळी जो रस जमेल त्याच्या एका पाइंटाला एक पौंड साखर, हे जुनं प्रमाण, आणि मग खळखळ उकळायचं. झाली का ते बघायला थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवायचा, सुरकुती पडली की उतरवायची. पिकलेल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन कमी, नुसती ती घेतली तर जेली धरत नाही, म्हणून थोड्या लाल-कच्च्या बेरी आणि आंबट सफरचंदं घालायची. वाऱ्याने पडलेली सफरचंदं त्याच दिवसांत मिळतात, ब्लॅकबेरी-सफरचंदाचा पाय (पिठाच्या पारीत फळ भरून भाजतात तो पदार्थ) तिकडे इतका घरोघरी झाला त्याचं हेच कारण, एक फळ कुंपणातलं, दुसरं जमिनीवर पडलेलं, दोन्हीला पैसे नाहीत.

पण साखरेला पैसे होते ना! इथेच खरी गोष्ट आहे. शतकाच्या सुरुवातीला साखरेवर कर, काचेवर कर, त्यामुळे बरणीभर जेली म्हणजे बऱ्या घरातली चैन. १८४५ ला काचेवरचा कर गेला, १८७४ ला साखरेवरचा गेला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत चित्रच पालटलं, हार्टलीज, चिव्हर्स, टिपट्रीचे विल्किन असे जॅमचे कारखाने याच सुमाराचे, १८७१, १८७३ आणि १८८५. पाव आणि जॅम हे मजुरांच्या पोरांचं जेवण झालं. मग व्यापारी गावोगाव फिरून ब्लॅकबेरी वजनावर घ्यायला लागले आणि टोपल्या रेल्वेने शहरात जायला लागल्या. नाजूक फळ, एका दिवसात खालच्या थरातलं स्वतःच्या वजनाने फुटतं, म्हणून तोडणारीच्या हातात भाव ठरवण्याची ताकद फारशी नसायची, आज नाही विकलं तर उद्या फेकावं लागणार. तुम्ही कोकम वाळवून ठेवू शकता, तिला ती सोय नव्हती. जिच्याकडे साखर घ्यायला हातात चार पैसे असायचे ती जेली करून नाताळपर्यंत थांबायची, बाकीच्या सगळ्या टोपलीच विकायच्या.

औषधाचंही विचारलंय तुमच्यातल्या एकींनी. घसा बसला तर ब्लॅकबेरीचं व्हिनेगर गरम पाण्यातून, जुलाबावर मुळांचा किंवा पानांचा काढा, त्यात टॅनिन असतं, तुरटपणाने आतडं आवळतं. डांग्या खोकल्यावरचा उपाय मात्र वेगळाच. ब्रॅम्बलची फांदी वाकून टोकाने जमिनीला टेकली की तिथेही मूळ धरते आणि कमान तयार होते, त्या कमानीखालून आजारी लेकराला ठरावीक वेळा काढायचे, कुठे तीनदा, कुठे नऊदा. इंग्लंडच्या अनेक परगण्यांतून याच्या नोंदी आहेत. डांग्या खोकल्याने तेव्हा लहान मुलं खरोखर जायची आणि डॉक्टरांकडेही औषध नव्हतं. आई करणार काय, जे कुंपणात होतं त्याच्याकडे गेली.

कुणाच्याही शेताच्या कुंपणातल्या ब्लॅकबेरी तोडणं चोरी नव्हती का? – कायद्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

रानटी उगवलेल्या असतील तर चोरी नव्हती. इंग्लिश कॉमन लॉचं जुनं तत्त्व असं की जमिनीत उगवलेली गोष्ट जमिनीचाच भाग, ती तोडून नेणं ही चोरीच्या व्याख्येत बसत नाही. १८६१ च्या लार्सनी ॲक्टने, म्हणजे चोरीच्या कायद्याने, बागेतली, फळबागेतली फळं आणि लावलेली पिकं यांना संरक्षण दिलं, आपोआप उगवलेलं त्यातून बाहेर राहिलं. १८८७ साली रानभूछत्रं खुडण्याचा एक खटला गाजला, त्यात कोर्टाने धरलं की न लावलेली भूछत्रं खुडली म्हणून जमिनीचं नुकसान केलं असं म्हणता येत नाही. अर्थात दुसऱ्याच्या शेतात घुसणं ही वेगळी गोष्ट, त्यावरून शेतकरी हाकलायचे, कुत्री सोडायचे. म्हणून पोरं रस्त्याच्या बाजूने तोडायची.

तू कुंपण म्हणालीस म्हणून एक सांगते, ती कुंपणं आली कुठून ते बघ. साधारण १७५० ते १८५० या काळात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावांची सामायिक गायरानं आणि मोकळी शेतं वाटून टाकली, ज्याला त्याचा तुकडा आणि भोवती हॉथॉर्नची काटेरी जिवंत कुंपणं. गरिबाची गाय चरायची जागा गेली, सरपण गेलं. आणि त्याच कुंपणांत पक्ष्यांनी बिया टाकल्या नि ब्रॅम्बल माजलं. ज्या भिंतीने त्याला बाहेर काढलं तिच्याच बाहेरच्या अंगाला त्याच्यासाठी हे फळ उरलं. परीक्षेत एन्क्लोजरवर, म्हणजे या कुंपणं घालण्यावर, प्रश्न आला तर हे नक्की लिही.

जुन्या ग्रीटिंग कार्डांवर ब्रॅम्बलची फुलं दिसतात, त्याचा काही अर्थ असायचा का? – डिझाइनची विद्यार्थिनी, मुंबई

"फुलांची भाषा" नावाची पुस्तकं तेव्हा घरोघरी असायची. केट ग्रीनअवे यांच्या १८८४ च्या पुस्तकात ब्रॅम्बलपुढे दिलंय नम्रता, मत्सर आणि पश्चात्ताप. प्रियकराला पाठवण्यातलं फूल नाही हे. तुझ्या अभ्यासासाठी केट फॉकनर यांचं "ब्रॅम्बल" वॉलपेपर शोध, मॉरिस अँड कंपनी या घरसजावटीच्या कंपनीसाठी १८७९ साली केलेलं. ज्या झुडपाने बाहेर मजुरीण ओरबाडून निघत होती ते आत दिवाणखान्याच्या भिंतीवर छापलं जात होतं, काटे मऊ करून.

शास्त्रज्ञही मागे नव्हते. ब्रॅम्बलमध्ये बऱ्याचदा फलनाशिवायच, म्हणजे नर-मादी पेशींचं मीलन न होताच, बी धरतं, त्यामुळे थोडासा फरक पडला की तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच टिकतो आणि प्रत्येक दरीतलं झुडूप जरा वेगळं. केंब्रिजचे प्राध्यापक चार्ल्स कार्डेल बॅबिंग्टन यांनी १८६९ साली नुसत्या ब्रिटिश ब्रॅम्बलवर पुस्तक काढलं. आज ब्रिटनमध्ये तीनशेच्या वर सूक्ष्म जाती मोजतात आणि या अभ्यासाला बॅटॉलॉजी असं स्वतंत्र नाव आहे.

मी मेलबर्नला असतो. इथे याला विड म्हणजे तण म्हणतात, आणि एक जात तर "हिमालयन ब्लॅकबेरी" आहे. म्हणजे हे आपल्याकडून गेलं का? आणि ट्रेकला गेल्यावर खाल्लं तर चालेल का? – मेलबर्नहून एक वाचक

नाव फसवं आहे. अमेरिकेतले रोपकार लूथर बरबँक यांना भारतातून म्हणून काही बिया आल्या आणि १८८५ साली त्यांनी ती जात "हिमालया जायंट" म्हणून बाजारात आणली, पण मूळ जात आर्मेनिया-इराणकडची. हिमालयाचा त्यात नावापुरता संबंध.

तुमच्याकडच्या पसरण्यात मात्र एका मोठ्या माणसाचा हात आहे. फर्डिनांड फॉन म्युलर हे १८५३ पासून व्हिक्टोरिया वसाहतीचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ, कामाचा माणूस, आणि त्यांनीच ब्लॅकबेरीच्या बिया ठिकठिकाणी पेरल्या, वाटल्या. हेतू चांगला होता, ओढ्याकाठची माती धरून राहील आणि वाटसरूला, गरिबाला फुकटचं खायला मिळेल. इंग्लंडच्या कुंपणात ती गरिबाला पुरली होती म्हणून इथेही पुरेल असं त्यांना वाटलं. पण तुमच्याकडे ती हाताबाहेर पसरली, आज ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत आहे.

खायचं म्हणाल तर रस्त्याकडेच्या, रेल्वेलाइनच्या आणि पार्कातल्या झुडपांवर तणनाशक फवारलेलं असण्याची शक्यता बरीच असते, पानं पिवळी-तपकिरी पडलेली दिसली तर हातच लावू नका, आणि हिरवीगार दिसली तरी आधी तिथल्या कौन्सिलला किंवा पार्कच्या ऑफिसला फोन करून विचारा. कुणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची मिळाली तर फेब्रुवारीत जा, घोसाच्या टोकाची आधी तोडा.